राजर्षी शाहू छत्रपती आणि खासबागेचे मैदान

एखाद्या नगराने देशोदेशींच्या खेळाडूंस पाचारण करून मोठा क्रीडामहोत्सव भरवावा की भरवू नये, हा प्रश्न अलीकडे वरचेवर ऐकू येतो. दिल्लीने १९५१ व १९८२ साली आशियाई खेळ भरविले, २०१० साली तेथेच राष्ट्रकुल खेळ झाले आणि २०३० सालच्या राष्ट्रकुल खेळांचे यजमानपद अहमदाबादेस मिळाले आहे. अशा प्रसंगी एक पक्ष म्हणतो की, शहराची कीर्ती वाढते, रस्ते सुधारतात व व्यापारास तेजी येते. दुसरा पक्ष म्हणतो की, चार दिवसांच्या तमाशाकरिता गोरगरिबांचा पैसा मातीस मिळतो. दोन्ही पक्षांस दाखले मिळतात. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराने १९७६ साली ऑलिंपिक खेळ भरविले, त्यांचे कर्ज फिटण्यास २००६ साल उजाडले. अथेन्स येथे २००४ साली उभारलेल्या कित्येक क्रीडागृहांत पुढे गवत माजले. उलटपक्षी लॉस एंजेलिस शहराने १९८४ साली बहुतांशी जुनीच मैदाने वापरली व खर्च वजा जाता मोठी शिल्लक राखली. आणि बार्सिलोना नगराने १९९२ सालच्या खेळांच्या निमित्ताने आपला समुद्रकिनाराच नागरिकांस खुला करून दिला.

मग खरे काय? आमच्या मते या प्रश्नाचा उलगडा करण्यास आपणांस परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्याच महाराष्ट्रात, एका राजाने आपल्या राजधानीत कुस्तीचे एक विशाल मैदान बांधिले, दूरदूरच्या मल्लांस तेथे बोलाविले, आणि त्याचा परिणाम शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला. तो राजा म्हणजे करवीरचे छत्रपती शाहू महाराज होत. त्यांचे चरित्र समाजसुधारक या नात्याने आपण सर्वांनी वाचलेले आहे. आज ते आम्ही थोड्या निराळ्या बाजूने सांगणार आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव घाटगे हे कागलच्या जहागिरीचे धनी आणि मातोश्री राधाबाई या मुधोळच्या राजघराण्यातील कन्या. यशवंतराव तीन वर्षांचेही झाले नव्हते तोच मातृसुख हरपले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या अकाली निधनाने गादी रिकामी पडली होती. त्यांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले व त्याचे नाव शाहू ठेविले. दोनच वर्षांनी, १८८६ साली, जन्मदात्या पित्याचेही छत्र नाहीसे झाले. राजवैभव आले खरे, परंतु आईबापांच्या मायेस मुकलेल्या त्या बालकास ते कितपत गोड लागले असेल, याचा विचार आमच्या बालवाचकांनी अवश्य करावा.

पुढे राजकोट येथील राजकुमार कॉलेजात व त्यानंतर धारवाड येथे फ्रेजर नामक इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी, इतिहास व राज्यकारभार हे विषय तर त्यांनी अभ्यासिलेच. परंतु व्यायामाची, घोड्यावर बसण्याची व विशेषतः कुस्तीची त्यांस जी गोडी लागली ती जन्मभर सुटली नाही. त्यांचा देह धिप्पाड होता, आणि स्वतः मातीत उतरून लढल्यामुळे मल्लाच्या अंगाला काय कष्ट पडतात हे त्यांस ऐकून नव्हे, अनुभवाने ठाऊक होते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते.

राज्य हाती येऊन दोन वर्षे लोटतात न लोटतात तोच दुष्काळ आला व त्याच्या पाठोपाठ प्लेगची साथ आली. तरुण राजाने राज्यभर फिरून स्वस्त धान्याची दुकाने उघडविली, कामे काढून लोकांस मजुरी दिली आणि निराधारांची सोय लाविली. आम्ही हे येथे मुद्दाम सांगतो. कारण ज्याने पुढे खेळाकरिता मैदान बांधिले, त्याने आधी पोटाची चिंता वाहिली होती, ही गोष्ट आपल्या प्रश्नाचा निकाल करताना विसरता कामा नये.

१९०१ साली त्यांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढिले. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, ख्रिस्ती इत्यादी निरनिराळ्या समाजांच्या मुलांकरिता वसतिगृहे निघाली आणि खेड्यांतील मुले शिक्षणाकरिता कोल्हापुरास येऊन राहू लागली. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाकरिता महाराज इंग्लंडास गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांस एलएल. डी. ही सन्मानाची पदवी दिली. ते विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर राज्यातील नोकऱ्यांत शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांकरिता राखून ठेवण्याचा त्यांचा सुप्रसिद्ध हुकूम निघाला.

त्याच यात्रेत महाराजांनी रोम नगरातील पुरातन क्रीडागार पाहिले. दोन सहस्र वर्षांपूर्वीचे ते प्रचंड वर्तुळ पाहून पुष्कळ प्रवासी थक्क होतात व घरी येऊन त्याचे वर्णन करतात. महाराज थक्क झाले असतील. परंतु ते परत आले तो एक विचार घेऊन, की असे मैदान आपल्या राजधानीत असले पाहिजे. मात्र रोमच्या क्रीडागारात माणसे व पशू यांस झुंजवून मारीत असत. कोल्हापूरच्या मैदानात कोणाचा जीव घ्यावयाचा नव्हता. तेथे लढून दोघांनीही अंगाची माती झटकून उठावयाचे होते.

कोल्हापुरातील खासबाग ही नावाप्रमाणेच राजघराण्याची खास बाग होती. त्या जागी हे मैदान बांधण्याचे काम सुरू झाले व १९१२ साली ते पुरे झाले. मध्यभागी कुस्तीचा हौदा, त्यात तांबडी माती, आणि सभोवार उतरत्या घडणीची बैठक. जेणेकरून अगदी मागच्या बाजूस बसलेल्या शेतकऱ्यासही पुढच्या माणसाच्या पागोट्याची आडकाठी न होता प्रत्येक डाव स्पष्ट दिसावा. हौद्यातील माती ही काही साधी माती नव्हे. तीत ताक, तेल, हळद, लिंबू व कापूर घालून ती मऊ व निर्मळ राखावी लागते. पडणाऱ्याच्या हाडास इजा होऊ नये व अंगावरील खरचटा चिघळू नये, हा त्यातील हेतू.

मैदानाचा प्रारंभ १९१२ साली इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन या दोन नामांकित मल्लांच्या कुस्तीने झाला. इमामबक्ष हा जगप्रसिद्ध गामा पहिलवानाचा भाऊ. १९१० साली हे दोघे बंधू लंडनला जाऊन युरोपातील मल्लांशी लढले होते आणि तेथे इमामबक्षाने जॉन लेम या स्विस मल्लास चीत केले होते. ज्या मल्लास लंडनच्या लोकांनी पैसे मोजून पाहिले, त्यास करवीरच्या शेतकऱ्याने आपल्या गावापासून बैलगाडीच्या अंतरावर पाहिले. पुढे देशाची फाळणी झाली तरी हा ओघ आटला नाही. पाकिस्तानातील मल्लही कोल्हापुरास येऊन लढून गेले.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. हे मैदान बांधून नगराचे हित झाले काय?

विरुद्ध पक्षाचे म्हणणे आम्ही प्रथम मांडतो, आणि ते दुबळे करून मांडणार नाही. करवीर हे काही अफाट संपत्तीचे राज्य नव्हते. दुष्काळाचे दिवस ताजे होते. याच काळात महाराजांनी भोगावती नदीवर एक मोठे धरण बांधण्यास घेतले व तेथे वसविलेल्या गावास आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी हे नाव दिले. खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले. धरण मात्र महाराजांच्या हयातीत पुरे होऊ शकले नाही. पाण्यास ताटकळणाऱ्या शेतकऱ्याने, मैदान आधी का व धरण मागाहून का, असे विचारले असते तर तो प्रश्न अन्यायाचा ठरला नसता. आमच्या बीड जिल्ह्यातील वाचकांस तर या प्रश्नाचे मर्म सांगावयास नकोच; उन्हाळ्यात हंडाभर पाण्याचे मोल काय असते हे येथील प्रत्येक घर जाणते. शिवाय मोठ्या कुस्त्या म्हणजे वर्षातील मोजके दिवस. एरव्ही एवढी मोठी जागा ओस पडून राहते, हेही खरे.

याचे उत्तर इतकेच की, धरण हे डोंगर फोडून, नदी अडवून व अमाप पैसा ओतून पिढीभर चालणारे काम असते. मैदान त्या मानाने लहान. दोन्ही एकाच वेळी हाती घेणाऱ्या राजास आम्ही उधळ्या म्हणणार नाही. जर त्याने पाणी सोडून केवळ मैदानच बांधिले असते, तर मात्र आमचा निकाल निराळा झाला असता.

अनुकूल पक्षाचे लोक बाजारपेठेकडे बोट दाखवितात. मोठ्या कुस्तीच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसे लोटतात, खाणावळी भरतात, हलगीवाल्यास चार पैसे मिळतात. हे सर्व खरे आहे. परंतु एका दिवसाची गर्दी दुसऱ्या दिवशी पांगते. तेवढ्यावर नगर मोठे होत नसते.

आमच्या मते खासबागेचे रहस्य खासबागेत नाही, ते कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालमींत आहे. मैदान बांधण्याच्या आधीपासून व नंतरही महाराजांनी तालमींस आश्रय दिला. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे आजही मल्लविद्येत आदराने घेतली जातात. पहाटे उठून जोर-बैठका काढणारी गरिबांची मुले, त्यांस शिकविणारे वस्ताद, त्यांच्या खुराकाकरिता दूध, तूप व बदाम यांची तजवीज, आणि उत्तरेकडून आलेल्या मल्लांकडून नवे डाव शिकण्याची संधी. ही सारी व्यवस्था वर्षाचे बारा महिने चालत होती. मोठ्या कुस्तीचा दिवस हा त्या बारा महिन्यांच्या मेहनतीचा हिशेब देण्याचा दिवस होता. म्हणून बाहेरचा मल्ल आला, जिंकला व निघून गेला, तरी मागे काही उरत असे. पाहणाऱ्या पोरांपैकी शेकडोंस दुसऱ्या दिवशी पहाटे जाण्यास एक ठिकाण होते.

दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या सावलीचाही विटाळ मानीत. महाराजांनी अशा जातींतील मल्लांस जाठ, सरदार, पंडित अशी मानाची नावे देऊन पुढे आणिले. ज्याला रस्त्यात कोणी शिवत नसे, त्याच्याशी मातीत अंगास अंग लावून लढल्यावाचून कुस्ती होतच नाही! शेकडो व्याख्यानांनी जे काम मंदगतीने होते, ते एका हौद्यात हजारोंच्या डोळ्यांदेखत होत होते. हा लाभ कोणत्या जमाखर्चात मांडावा, हे आम्हांस सांगता येत नाही. परंतु तो लाभ होता, याविषयी आम्हांस शंका नाही.

महाराजांचे उरलेले चरित्र आपणांस परिचित आहे. १९१७ साली त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे पाऊल उचलिले. १९१९ साली कानपूर येथील कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत त्यांस राजर्षी ही पदवी अर्पण करण्यात आली. मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेस ते स्वतः गेले आणि तरुण भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाचा त्यांनी मुक्त कंठाने गौरव केला. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे, वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नसता, या लोकराजाने देह ठेविला.

राजा गेला म्हणजे त्याने आरंभिलेली कामे पुष्कळदा त्याच्यामागून जातात. येथे तसे घडले नाही. १९४८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकमध्ये लढले व सहावे आले. पुढील ऑलिंपिक १९५२ साली हेलसिंकी येथे होते. जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, गावकऱ्यांनीही यथाशक्ति वर्गणी दिली. आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन परत आले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. महाराजांस जाऊन त्या वेळी तीस वर्षे झाली होती. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीकरिता एका प्राचार्याने घर गहाण टाकावे, ही बुद्धी नगरास कोठून आली? खेळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग नसून मानाची विद्या आहे, असे ज्या नगराने पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनी पाहिले, त्यालाच ती सुचते.

येथे एक उणीवही सांगितली पाहिजे. ऑलिंपिकची कुस्ती मातीत होत नाही, गादीवर होते, आणि तिचे नियम निराळे असतात. मातीवर वाढलेल्या आमच्या मल्लांस गादीची सवय पुष्कळ उशिरा मिळाली. मैदान कितीही वैभवाचे असो, काळाबरोबर शिक्षण न बदलल्यास जुन्या वैभवाचा भार होऊन बसतो. नगराने हाही धडा घ्यावा.

आता थोडे आपल्या जिल्ह्याकडे पाहू. आपल्याकडेही गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा हगामा भरतो. रेवड्यांवर लढणाऱ्या चिमण्या पोरांपासून शेवटच्या निकाली जोडीपर्यंत सारा गाव उन्हात बसून असतो. याच जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल खेळांचे सुवर्णपदक मिळविले व २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकिले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅम येथे रौप्य व २०२३ साली चीनमधील हांगचौ येथील आशियाई खेळांत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण मिळविले. परंतु एकास तालमीकरिता पुणे गाठावे लागले व दुसऱ्याच्या धावण्यास सैन्यात गेल्यावर वळण लागले. मुले आमची, मेहनत आमची. साधने मात्र दुसरीकडची. यात कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, जगाचा क्रीडामहोत्सव भरविण्याची ऐपत आपल्यासारख्या जिल्ह्यास नसली, तरी प्रत्येक मोठ्या गावात एक तालीम, एक धावण्याचे मैदान व एक जाणता शिक्षक ठेवण्याची ऐपत आहे. महोत्सवाच्या आधी जे हवे असते ते हेच. आणि ज्या शहराजवळ हे नाही, त्याने उसना महोत्सव आणिला तर त्यापासून त्यास लाभ होण्याचा संभव फार थोडा.

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीकरिता घर सोडतात. त्यांपैकी कित्येकांचा मुक्काम कोल्हापूरकडील कारखान्यांवर पडतो. ज्या उसावर त्यांचा कोयता चालतो, त्यातील पुष्कळसा उस राधानगरीच्या पाण्यावर वाढलेला असतो. ते धरण महाराजांनी आरंभिले, पुढच्या लोकांनी पुरे केले. त्याच भागातील, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकिले. पाणी, शाळा, तालीम आणि मैदान ही चारही कामे ज्याने एकाच डोळ्याने पाहिली, त्याच्या राज्यात मैदानाचा खर्च वाया गेला नाही.

तेव्हा, विद्यार्थीमित्रहो, पुन्हा कधी वादसभेत हा प्रश्न निघाला, तर किती प्रेक्षक आले व किती रुपये जमले एवढेच विचारून थांबू नका. महोत्सवाचा मंडप उतरल्यानंतरच्या पहाटे त्या नगरातील गरिबाचे पोर कोठे गेले, हे विचारा. ते तालमीत गेले असेल तर नगराचे हित झाले. आणि आईबापांसही आमची नम्र विनंती आहे की, मुलाने लंगोट कसला किंवा मुलगी मैदानात धावू लागली, तर अभ्यास बुडाला असे एकदम म्हणू नये. कोल्हापुरास जाण्याचा योग आल्यास त्यांस खासबागेचे ते मैदान अवश्य दाखवावे, आणि मोठी कुस्ती नसेल त्या दिवशी पहाटे लवकर उठून जवळच्या एखाद्या तालमीतही न्यावे.